नावातले एक अक्षर

मुलांनो, घरातील पॅन कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिन्हींवर वडिलांचे नाव अगदी सारखे आहे का? उर्दूत ‘मुहम्मद’ लिहायला मीम, हे, मीम, दाल ही चार अक्षरे पुरतात. इंग्रजीत मात्र कोणी ‘यू’ घालतो, कोणी ‘ओ’, तर कोणी नुसते ‘एमडी’ लिहून मोकळा होतो. घरात यामुळे काही बिघडत नाही. आर्थिक सल्लागाराच्या कार्यालयात मात्र यामुळे पैसे अडकतात.

पैसे कोठे गुंतवावेत, विमा किती असावा, हे सल्लागार सांगतो. पण त्याच्या कार्यालयात गेल्यावर आपल्याला प्रथम भेटतो तो त्याचा सहायक. अर्ज भरून घेणे, कागदपत्रे तपासणे, हप्त्यांच्या तारखा लक्षात ठेवणे ही त्याची कामे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी असे काम करते. एकदा मी तिच्या कार्यालयात बसलो होतो. तेवढ्यात एक विधवा बाई आल्या. पतीच्या विम्याच्या कागदावर नॉमिनी म्हणून, म्हणजे मृत्यूनंतर पैसे ज्याच्या हाती द्यायचे म्हणून, ‘जुबेदा’ असे नाव होते. आधार कार्डावर ‘झुबेदाबी’. या दोघी एकच, हे आता प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करायचे होते. घरात तीन मुले आणि पैसा अडकलेला! मुलीने बाईंना उर्दूत सगळे समजावले, मग विमा कार्यालयात फोन करून मराठीत बोलली. अर्ज भरतानाच कोणी नाव जुळवून पाहिले असते, तर बाईंना हे हेलपाटे पडले नसते.

म्हणून ती प्रत्येक कागद अक्षर अक्षर लावून वाचते. पॅन क्रमांकात दहा चिन्हे असतात : पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे बहुधा आडनावाचे पहिले अक्षर. खान असेल तर ‘के’, शेख असेल तर ‘एस’. तुमच्या घरी हे आजच पडताळून पाहता येईल.

घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते. म्युच्युअल फंडाच्या बहुतेक योजनांत अर्ज आणि पैसे दुपारी 3 च्या आत पोचले, तरच त्या दिवसाचा भाव मिळतो. आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता चुकला, तर 30 दिवसांची सवलत असते; मासिक हप्त्याला फक्त 15 दिवस. त्यामुळे तारीख जवळ आली, की ती आधीच फोन करते.

“बेटी, पैसे कशात घालू?” असे वयस्कर माणसे तिलाच विचारतात. उत्तर सुचले, तरी ती देत नाही. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर सेबीकडे नोंदणी लागते. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था. तिला 1992 च्या कायद्याने अधिकार मिळाले. “साहेबांना विचारून सांगते, चाचा,” एवढेच ती म्हणते. कोऱ्या अर्जावर ती कोणाची सही घेत नाही. कोणाकडे किती पैसा आहे, हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक नसते. मी सहज विचारून पाहिले, तर हसून तिने चहा मागवला!