टचस्क्रीन मल्टिमीटर : पेढीसाठी घ्यावा का?

एके काळी दुकानातील वीज म्हणजे दोन दिवे आणि एक पंखा. आज मध्यम किराणा दुकानातही इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, बिल छापणारे यंत्र, कॅमेरे, इन्व्हर्टर आणि फ्रीज असा मोठा परिवार नांदतो. त्यातले एखादे ऐन गर्दीत रुसले की वायरमनची वाट पाहत गिऱ्हाइकापुढे अवघडून उभे राहावे लागते. निदान दोष कोठे आहे एवढे कळावे, म्हणून मल्टिमीटर घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. सध्या बाजारात मोबाइलसारखा दिसणारा, टचस्क्रीनचा, आतली बॅटरी चार्ज करता येणारा मीटर स्वस्तात मिळतो. तो दिसायला देखणा आहे यात शंका नाही. पण आपण व्यापारी माणसे. वेष्टन पाहून माल घेत नाही.

प्रथम त्याच्या अचूकतेविषयी, कारण स्वस्त म्हणजे खोटे मोजणारा, असा समज सर्वत्र आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. अशा मीटरच्या पत्रकात डीसी विद्युतदाबासाठी ‘अधिक-उणे ०.५ टक्के, अधिक ३ अंक’ अशासारखी नोंद असते. तिचा अर्थ असा : पडद्यावर १२.६० व्होल्ट दिसत असतील, तर खरा दाब १२.५१ ते १२.६९ यांच्या दरम्यान असावा. सोने तोलायला हा काटा चालणार नाही. दुकानातील बॅटरी पारखायला पुरेसा आहे.

ही पारखच त्याचा खरा उपयोग. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली, तर तिचा दाब १२.७ च्या आसपास असतो. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की ती रिकामी होत आली असे समजावे. अनेक वजनकाट्यांत ६ व्होल्टची लहान बंद बॅटरी असते. ती भरलेली असता ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. मात्र स्वस्थ बॅटरीचा दाब पाहून लगेच निवाडा देऊ नये. काटा बॅटरीवर चालू ठेवून पुन्हा मोजावे. भरलेली बॅटरी थोड्याच वेळात ६ च्या खाली घसरत असेल, तर तिचे आयुष्य संपत आले. दाब टिकून असूनही काटा बंद पडत असेल, तर दोष अन्यत्र आहे आणि नव्या बॅटरीचा खर्च वाचला. कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, तुटलेली वायर, उडालेला फ्यूज हीही याच मीटरची कामे.

इन्व्हर्टर असलेल्यांनी पत्रकात ‘ट्रू आरएमएस’ हे शब्द अवश्य शोधावेत. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते आणि साधा मीटर अशा लहरीचा दाब सुमारे ११ टक्के जास्त सांगतो. प्रत्यक्षात २२० व्होल्ट असता तो २४४ दाखवील, आणि चांगल्या इन्व्हर्टरवर उगाच ठपका येईल.

आता टचस्क्रीन. जुन्या मीटरवरील गोल खटका कोठे फिरवला आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. पडद्यावर मात्र ओले बोट किंवा हातमोजा चालतोच असे नाही, आणि पिठाच्या व तेलाच्या दुकानात बोटे कोरडी कितीशी असतात? शिवाय असे अनेक मीटर काय मोजायचे ते आपले आपणच ठरवतात. नवशिक्याला हे सोयीचे, परंतु अगदी लहान दाब या पद्धतीत ओळखला न जाण्याचा संभव असतो. माझ्या मते टचस्क्रीन ही शोभा आहे; तिच्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत. चार्ज होणारी बॅटरी मात्र खरी सोय आहे. जुन्या मीटरमध्ये विसरलेले सेल पाझरून आतले पत्रे खातात, ते येथे टळते. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करण्याची आठवण तेवढी ठेवावी, आणि चार्जिंगची वायर लावलेली असताना कधीही मोजमाप करू नये.

खरी किंमत कळते ती २३० व्होल्टच्या सॉकेटपाशी. मीटरवर ‘कॅट दोन’, ‘कॅट तीन’ असे वर्ग छापलेले असतात. सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी दुसरा वर्ग, इमारतीच्या वायरिंगसाठी व वितरण-पेटीसाठी तिसरा, आणि बाहेरून येणाऱ्या मुख्य जोडणीसाठी चौथा. विजेच्या वाहिनीत क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. तो सोसण्याची ताकद हा वर्ग सांगतो. परंतु छापणे सोपे असते. स्वतंत्र प्रयोगशाळेची खूण नसेल, तर ‘कॅट तीन, ६०० व्होल्ट’ हा केवळ विक्रेत्याचा शब्द. मीटरसोबतच्या प्रोबवरही तोच वर्ग आहे का, हेही पाहावे. स्वस्त मीटरची काटकसर बहुधा फ्यूजमध्ये होते : मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडणाऱ्या, वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजऐवजी काचेची बारीक नळी बसवलेली असते. प्रवाह मोजण्याच्या भोकात प्रोब ठेवून तो चुकून सॉकेटमध्ये घातला, तर ते सरळ शॉर्टसर्किट होय. अशा वेळी काचेची नळी फुटून ठिणगी हातापर्यंत येऊ शकते. म्हणून घरात व दुकानात प्रवाह मोजण्याचे ते भोक वापरूच नये.

आणखी एक फसगत. बंद केलेल्या वायरवरही कधी ४०-५० व्होल्ट दिसतात. शेजारच्या चालू वायरचा तो आभास असतो, कारण मीटर अतिशय नाजूकपणे मोजतो. उलट शून्य दिसले म्हणून वीज गेली असेही धरू नये. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर तपासावा, मग संशयित ठिकाणी, आणि नंतर पुन्हा त्या चालू सॉकेटवर. वायरमन मंडळींची ही जुनी रीत आहे.

तेव्हा हा मीटर बॅटरी, अॅडॉप्टर, फ्यूज यांसाठी खुशाल घ्यावा. वितरण-पेटी त्याच्या भरवशावर उघडू नये. ते काम वायरमनचे आणि त्याच्या चांगल्या मीटरचे. मीटर हाती येताच नव्या अल्कलाइन सेलवर लावून पाहावा. सुमारे १.६ व्होल्ट दिसले तर ठीक. आकडा फारच वेगळा आला किंवा सतत हलत राहिला, तर बिलासह त्याच दिवशी परत करावा.