रबराच्या हाती सुकाणू

गाडी खड्ड्यातून गेली की मागून ‘खट्’ असा आवाज येतो. मिस्त्री गाडीखाली शिरतो, पहारीच्या टोकाने सस्पेन्शनचा आर्म उचकून बघतो आणि बाहेर येऊन सांगतो, “बुश गेलेत.” हा बुश म्हणजे एकात एक बसलेल्या लोखंडाच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या फटीत घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली, आतली बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेली. चाक वरखाली होतं तेव्हा दोन्हींपैकी एकही नळी जागेवर घसरत नाही. सगळी हालचाल मधलं रबर पिळवटून सोसतं, आणि रस्त्याची थरथरही तेच गिळतं.

हे रबर नुसतं सोसत नाही, ते चाकाला दिशाही देतं. हे नीट पाहायचं तर पोर्शे ९२८ गाडी घ्यावी. पुढे साडेचार लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स मागे. मार्च १९७७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. मागच्या चाकांच्या जोरावर धावणाऱ्या त्या काळच्या वेगवान गाड्यांना एक खोड होती. भर वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर फेकलं जायचं. कारण असं: पाय उचलताच इंजिन मागच्या चाकांना रोखू लागतं, म्हणजे रस्ता चाकाला मागे ओढतो. चाक आर्मच्या जोडांपेक्षा बाहेरच्या बाजूला असतं. त्यामुळे ही ओढ आर्मला किंचित फिरवते, मऊ बुश तेवढं फिरू देतात आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं. वळणात जास्त भार बाहेरच्या चाकावर असतो. नेमकं तेच भलतीकडे बघू लागलं, की गाडी भोवऱ्यासारखी फिरायला निघते.

यावर सोपा उपाय होता, बुश कडक करायचे. पण मग रस्त्यावरचा खडान्‌खडा पाठीला जाणवला असता. पोर्शेच्या अभियंत्यांनी लवचीकता ठेवली आणि तिची दिशा उलटवली. आर्मच्या पुढच्या जोडाच्या जागी त्यांनी एक आखूड हलता दुवा दिला. चाक मागे ओढलं गेलं की हा दुवा कलतो आणि चाकाचं तोंड आत वळवतो. ज्या ओढीने गाडी फिरायची, तीच ओढ आता तिला सावरते. कंपनीच्या संशोधन केंद्राच्या गावावरून या रचनेला ‘वायसाख ॲक्सल’ म्हणतात. अभियांत्रिकीत इतकी देखणी कल्पना क्वचित सापडते.

आता त्या काळच्या गाडीतलं रबर म्हातारं झालं आहे. कच्च्या रबराला गंधकाच्या पुलांनी बांधून टणक केलेलं असतं, पण हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्या वर्षानुवर्षं तोडत-जोडत राहतो आणि रबर कडक होत जातं. हवेत ओझोन अगदी नगण्य असतो, तरी ताणलेल्या रबराला ताणाच्या आडव्या भेगा पाडायला तेवढा पुरतो. वरून इंजिनचं तेल ठिबकलं तर रबर फुगून लिबलिबीत होतं. गाडी फार चालली नाही म्हणजे बुश चांगले असतील, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. झाकून ठेवलेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतंच.

यातून येणारी ढिलाई किती? समजा आर्मचे दोन जोड ४० सेंटीमीटर अंतरावर आहेत आणि एका बुशमध्ये फक्त २ मिलिमीटरचा खेळ आहे. चाक पाव अंशाहून थोडं जास्त वळेल. ताशी १०० किलोमीटर वेगात ते चाक गाडीचं बूड सेकंदाला १४ सेंटीमीटर बाजूला ओढू पाहील, आणि कधी ओढेल ते चालकाला कळणार नाही.

बुश बदलण्याच्या कामात दोन गोष्टींना फार जपावं लागतं. पहिली, बुशची दिशा. रबर वाकतं, पिळतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ घटत नाही; चहूबाजूंनी कोंडलं तर ते दगडासारखं वागतं. म्हणून एका दिशेने मऊपणा हवा असेल तिथे बुशमध्ये पोकळ खाचा ठेवतात. जुना बुश प्रेसवर काढण्याआधी खाच कुठे होती याची खूण आर्मवर खडूने करावी. नवा बुश पाव फेरा जरी फिरून बसला, तरी जिथे मऊ हवं तिथे कडक होतं. आत सरकवताना साबणाचं पाणी चालतं, ग्रीस नाही.

कडक पॉलियुरेथेनचे बुश घालायचा मोह पुष्कळांना होतो. शर्यतीच्या गाडीत ते शोभतात. पण ज्या रचनेत लवचीकता मोजूनमापून ठेवली आहे, तिथे ते घालणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या बोल्टची. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं लोंबकळत असतात. त्याच स्थितीत बोल्ट आवळले तर आतली नळी तिथेच पकडली जाते, आणि गाडी खाली उतरताच नवं कोरं रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडायचा आणि ती आपल्या उंचीवर स्थिरावली, की मग खाली आडवं होऊन टॉर्क पाना चालवायचा.