डाकोटा की व्हायकिंग?

विदर्भात, घाटंजीतल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून उतरवलेल्या पेटीत हे विमान निघालं. जाड कागद कापून खळीने जोडलेलं. चंदेरी रंग काळवंडलेला, नाक चेपलेलं, पंखावर 'व्हीटी' एवढीच अक्षरं शिल्लक. मुंबईचं स्टेशन नव्हे. भारतात नोंदलेल्या नागरी विमानाची ती खूण.

कागदी विमानाच्या अंगलोटावर भरवसा ठेवू नये. कागद एका दिशेने वळतो, फुगत नाही. म्हणून गोल धड षट्कोनी होतं. बघायचं ते कुठे काय बसवलंय ते. इथे इंजिनं दोन, पंख धडाच्या खालच्या अंगाला, शेपटीखाली चाक. फोकर फ्रेंडशिप लगेच बाद, तिचे पंख वर. ॲव्रोच्या शेपटीखाली चाकच नसतं. उरली दोन, डाकोटा आणि व्हायकिंग.

पट्टी लावली. पंख १९ सेंटीमीटर, लांबी १३. खऱ्या डाकोटाचे पंख ९५ फूट, लांबी साडेचौसष्ट, प्रमाण जुळतं. व्हायकिंगचे पंख ८९ फूट, लांबी ६५. पण नाक चेपलं की लांबी कमी भरते आणि व्हायकिंगही डाकोटाच्या मापात बसतं. पट्टीचा निकाल मी मानला नाही.

शंका फिटली ती पंखापाशी. पुढची कड इंजिनापर्यंत सरळ, तिथून मागे कललेली. मागची कड जवळजवळ सरळच, डाकोटासारखी. शिवाय इंजिनांच्या पोटाखाली कागदाच्या दोन अर्ध्या चकत्या. डाकोटाची चाकं वर घेतली तरी पुरती आत जात नाहीत, अर्धी बाहेर दिसतात. खेळण्यात त्या चकत्या गाळल्या असत्या तर कोण विचारणार होतं?

डाकोटा विदर्भाला परकी नव्हती. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची डाकोटा टपालविमानं रात्री नागपूरला सोनेगावात एकत्र येत, टपालाची पोती बदलून परत फिरत.

आणखी एक. धडाच्या डाव्या अंगाला, मागे, दुहेरी दार काढलंय. ते डाकोटाच्या मूळ प्रवासी रूपाचं, डीसी-३ चं नव्हे. जीप चढवता यावी म्हणून तिच्या सैनिकी रूपाला, सी-४७ ला दिलेलं. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली अशी विमानं बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दुरुस्त होऊन नागरी कंपन्यांकडे गेली. हे कागदी विमान करणाऱ्याने नक्कल केली ती त्यांतल्याच एखाद्याची. अमेरिकन जाहिरातीतल्या गुळगुळीत डीसी-३ ची खास नाही.