डोक्याला आवर्तन कधी सोडायचं?

माझी भाची माळशिरसला राहते. यंदा दहावीला आहे. परवा मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा वाचत होती. चौथ्यांदा! पिवळ्या मार्करनं पान इतकं रंगलं होतं, की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती.

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आवर्तसारणीतल्या उभ्या स्तंभांना काय म्हणतात गं?"

"थांब मामा, आत्ता तर वाचलंय... उजव्या पानावर आहे, वरच्या बाजूला!"

उत्तर कुठं छापलंय ते आठवलं, उत्तर मात्र आठवेना. तुमचंही असं होतं ना? अकलूजच्या बाजारात एखादा चेहरा दिसतो. चेहरा ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, आलं! परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं.

तेवढ्यात दाजी रानातून आले. पायाला चिखल, खांद्यावर फावडं. "कालव्याला आवर्तन सुटलंय," म्हणाले. ठरावीक दिवसांनी कालव्याला पाणी सोडतात, ते आवर्तन. मला तो शब्द फार आवडला. भाचीच्या पुस्तकात आवर्त, रानात आवर्तन आणि आजी अथर्वशीर्षाची करते तीही आवर्तनंच! परत परत येणं, पण मध्ये अंतर ठेवून.

माळशिरसच्या रानांना नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. मी दाजींना विचारलं, "सगळं पाणी एकदमच दिलं तर?" ते म्हणाले, "मुळं गुदमरतील की! वाफसा यायला पाहिजे." पाणी मुरून जमिनीत ओल राहते आणि हवाही खेळू लागते, ती स्थिती म्हणजे वाफसा. मुळांना दोन्ही लागतं. सारखं पाणी तुंबलं तर जमीन खराब होते.

डोक्यालाही असाच वाफसा लागतो का? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं हे स्वतःवरच तपासून बघितलं. त्यानं काहीच अर्थ नसलेली अक्षरं जुळवली, ती पाठ केली आणि काही वेळानं पुन्हा पाठ केली. दुसऱ्या वेळी किती मेहनत वाचते, ते तो मोजायचा. वीस मिनिटांनी ५८ टक्के मेहनत वाचली, तासाभरानं ४४ टक्के आणि एका दिवसानं जेमतेम ३४ टक्के. महिन्यानंतरही २१ टक्के. म्हणजे विसरण्याची घसरण सुरुवातीलाच जोरात होते, मग मंदावते. त्याला आणखी एक गोष्ट सापडली. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्यानं साधलं. कष्ट जवळजवळ निम्मे! हे सगळं त्यानं १८८५ मध्ये छापलं.

आपल्याकडच्या जुन्या घरांत हे आधीपासून चालत होतं. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलं परवचा म्हणायची. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. रोज थोडं आणि पुस्तक न बघता!

'न बघता' हे फार महत्त्वाचं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६! आठवायला डोकं खाजवावं लागतं ना, त्या खटपटीनंच ती गोष्ट मेंदूत घट्ट बसते. त्यामुळे आठवेना म्हणून रडू येत असेल तर थोडं थांबा, लगेच पान उलटू नका. तीच वेळ कामाची असते.

भाचीनं मग जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पुस्तक न उघडता आठवेल ते लिहिलं. डोबेरायनरची त्रिकं जमली, लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम. न्यूलँड्सचं नाव जमलं, त्याचा नियम अर्धाच आला. मेंडेलीव्ह आठवला, त्याच्या आवर्तसारणीचं साल चुकलं. जे राहिलं तेवढंच तिनं पुस्तकात पाहिलं आणि लाल पेनानं लिहिलं. मग वही मिटून ती दाजींसोबत रानात गेली. परत आल्यावर पुन्हा वाचायचा हट्ट मी तिला धरू दिला नाही. उद्या पुन्हा कोरा कागद, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. मध्ये रोजची नीट झोपही, कारण दिवसभर शिकलेलं पक्कं करायचं बरंच काम मेंदू झोपेतच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी गाडीत बसलो, तर ती धावत आली. "मामा, उभे स्तंभ म्हणजे गण! अठरा गण आणि सात आवर्त. आणि मेंडेलीव्हचं साल..." ती थांबली, डोळे मिटले. मी काहीच बोललो नाही.

"अठराशे एकोणसत्तर!"