पारावरच्या गप्पा आणि आपली श्रद्धा

वरकुटे हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील गाव. हा सारा परिसर उसाचा, कालव्याच्या पाण्याचा आणि आषाढात तुकोबांच्या पालखीची वाट पाहणारा. अशा गावांतून ख्रिस्ती कुटुंबे थोडी असतात. तेथील एखादा कॅथलिक तरुण संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसला की मित्र सहज विचारतात, "तुम्ही देव एक म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे कोण?" "माणूस उत्क्रांतीतून आला, तर आदामाचे काय?" "देव दयाळू आहे, मग आमचे करपलेले पीक त्याला दिसत नाही का?"

आपला तरुण बहुधा हसून विषय बदलतो, नाहीतर "आमच्या फादरांना विचारा" म्हणून मोकळा होतो. क्वचित कोणी वाद घालतो आणि मैत्री गमावून बसतो. या दोहोंपलीकडे तिसरी वाट आहे काय, याचा विचार आपण करू या.

प्रभू येशूचे कितीतरी संवाद मंदिराबाहेर घडले. शोमरोनी स्त्रीशी तो विहिरीच्या काठी बोलला, जकातदारांच्या पंगतीला बसला. अम्माऊसच्या वाटेवर तर त्याने शिष्यांना आधी त्यांच्याच बोलण्याचा विषय विचारला, त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि मगच शास्त्राचा अर्थ उलगडला. संत पौल अथेन्सच्या बाजारपेठेत भेटेल त्याच्याशी बोलत असे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ सालच्या आपल्या प्रेषितीय उद्बोधनपत्रात रस्त्यावर, कामाच्या जागी व प्रवासात होणाऱ्या साध्या संभाषणाला सुवार्ताकार्याचे स्थान दिले आणि त्याची पहिली पायरी म्हणून समोरच्याचे सुखदुःख ऐकणे सांगितले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने आपुलकीने गप्पा मारल्या, काव्याविषयी बोलणे झाले आणि निरोप घेताना त्याने बायबल वाचावयास दिले. पुढे टिळकांनी स्वतः वाचन केले, शंका काढल्या, डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु त्यांची भक्तिगीते आज आपल्याही उपासनेत गायिली जातात. त्या सहप्रवाशाचा वाटा एका सौजन्यपूर्ण संभाषणाएवढाच होता. बाकीचे काम परमेश्वराचे आणि टिळकांच्या विवेकाचे.

आता त्या प्रश्नांकडे वळू. तीन देव आपण मानीत नाही. ईश्वर एकच आहे. परंतु तो प्रीती आहे, आणि प्रीती एकाकी नसते. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्या एकाच ईश्वराचे अंतरंगातील जीवन. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे ३२५ साली नायसियाच्या परिषदेने घोषित केले. उत्क्रांतीविषयी सांगायचे तर मानवी देहाच्या उगमाच्या वैज्ञानिक संशोधनाला पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मोकळीक दिली होती. मात्र आत्मा थेट ईश्वराकडून येतो, हे त्यांनी बजावले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल हे मठवासी, तर विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. 'कसे' हे विज्ञान सांगते, 'कशासाठी' हे श्रद्धा सांगते.

करपलेल्या पिकाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाची कारणे ते सांगू लागले आणि तेथेच चुकले. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला, तर आधी त्याच्या बांधावर जावे. "याचे पूर्ण उत्तर मजजवळ नाही, पण माझा देव क्रूसावर दुःख भोगणारा आहे" एवढे म्हटले तरी पुष्कळ.

आजकाल धर्माचा विषय निघाला की धर्मांतराचा संशय येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्ध सांगितले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये. संत पेत्रही आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सांगतो. त्याने आधी विचारावे, मग आपण सांगावे, हा क्रम आपण पाळावा. शिवाय शेजारी वारकऱ्याला त्याची वारी काय देते, हेही मनापासून विचारावे.

यासाठी पदवी लागत नाही. रोज शुभवर्तमानातील एक उतारा वाचावा, कठीण प्रश्न वहीत टिपून धर्मगुरूंना विचारावा, आणि उत्तर मिळाले की मित्राकडे परत जावे. "त्या दिवशी तू विचारले होतेस ना?" असे म्हणून पुन्हा चहाला बसणारा ख्रिस्ती माणूस आपल्या गावांना हवा आहे.