न लढलेल्या लढाया (भाग ७) : आळेगावचे चार रस्ते

मागच्या आठवड्यात आपण रोमच्या यादवीत पाँपीला फार्सेलसच्या मैदानावर सोडले. इ. स. पू. ४८ चा ऑगस्ट. सीझरच्याच हिशेबाने पाँपीचे पायदळ त्याच्या दुप्पट होते, घोडदळ सातपट. सीझरच्या गोटात धान्याची ओढ होती. पाँपी नुसता बसून राहिला असता तरी सीझर उपाशी मेला असता. पण पाँपीच्या तंबूतल्या सेनेटरांना घरी जायची घाई झाली होती. त्यांच्या टोचणीने तो लढायला उतरला आणि दुपारपर्यंत सगळे संपले.

घरच्या लढाईत कोणता डाव खरा, हा प्रश्न आपल्याला आज शिरूर-दौंडच्या मुलखात घेऊन येतो. काळ नोव्हेंबर १७६२, आणि लढाई चुलत्या-पुतण्यांची.

पानिपतानंतर पाचच महिन्यांनी, जून १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे गेले. गादीवर आलेले माधवराव सोळा वर्षांचे, म्हणून कारभार चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांच्या हाती. वर्षभरात पुतण्या स्वतः कागद वाचू लागला, प्रश्न विचारू लागला आणि खटके उडू लागले. ऑगस्ट १७६२ मध्ये दादासाहेब रुसून पुण्याबाहेर पडले, वडगावला फौज जमवू लागले. माधवरावांकडे त्रिंबकराव पेठे आणि गोपाळराव पटवर्धन, दादांकडे सखारामबापूंची अक्कल. शिवाय दादांच्या मदतीला निजामअली निघाला होता. याच निजामाला जेमतेम दहा महिन्यांपूर्वी उरुळीजवळ मराठ्यांनी कोंडीत धरले होते.

७ नोव्हेंबरला घोडनदीवर पहिली गाठ पडली. निकाल लागला नाही. मग तहाची बोलणी निघाली, माधवरावांनी तळ मागे घेतला. १२ नोव्हेंबरला भीमाकाठच्या आळेगावाजवळ दादांच्या फौजेने त्यांना बेसावध गाठले.

मराठी फौज ‘बेसावध’ म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. तह होणार म्हटल्यावर तळ सैलावतो. खोगिरे उतरतात, घोडी पाण्यावर जातात, कही वैरणीसाठी लांब पांगते. बाजार-बुणगे मधोमध पसरलेले असतात. स्वाराची सारी ताकद घोड्याच्या पाठीवर. घोडे खुंट्याला आणि तोंडाला तोबरा असला, तर तो स्वार नव्हे, नुसता माणूस. अशा वेळी हजारांचा आकडा कागदावरच राहतो.

माधवरावांपुढे चार रस्ते होते. पहिला, बोलणी चालू असतानाही निम्मी फौज खोगीर घालून उभी ठेवण्याचा. तो ११ तारखेपर्यंतच खुला होता, आणि चुलत्याच्या शब्दावर विसंबल्याने निसटला.

दुसरा रस्ता किल्ल्याचा. घोड आणि भीमेच्या मधला मुलूख सपाट. ना डोंगर, ना खिंड. आसरा हवा तर पुरंदर-सिंहगडाकडे सरकायला हवे होते. पण मग पुणे उघडे पडते, आणि शनिवारवाड्यात जो बसेल त्याच्याकडे सरदारांचे मुजरे वळतात. पाँपीने इ. स. पू. ४९ मध्ये हाच हिशेब चुकवला होता. फौज वाचवायला त्याने रोम सोडले, इटली सोडली; ती पुन्हा त्याच्या हाती आली नाही.

तिसरा रस्ता गनिमी काव्याचा. समोरासमोर यायचे नाही, रसद तोडायची, वैरण जाळायची, शत्रूला दमवायचे. तो परक्यावर चालतो. इथे समोरच्यालाही तोच कावा पाठ, आणि जळणार ती ज्वारी आपल्याच रयतेची. पुन्हा लढाई जितकी लांबेल, तितका निजाम जवळ येणार.

उरला चौथा रस्ता, आणि तोच माधवरावांनी धरला. ते आपण होऊन चुलत्याच्या गोटात गेले आणि स्वाधीन झाले.

बाहेरून ही शरणागती दिसते. हिशेब मांडला की वेगळे दिसते. दादांना तेव्हा हवा होता तो कारभार. पेशवाईची वस्त्रे माधवरावांच्याच अंगावर राहिली. दोन्हीकडची फौज पुन्हा एका झेंड्याखाली आली आणि भांडणात तिसऱ्याला जी जागा हवी होती ती मिटली. पाँपीला अशी सोय नव्हती. सीझरचा तंबू हा त्याच्या चुलत्याचा तंबू नव्हता.

या रस्त्याची किंमत मात्र जबर पडली. पेठे-पटवर्धन बाजूला पडले. दादांनी मिरजेवर चाल केली, तेव्हा गोपाळराव चिडून निजामाला मिळाले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. चौथा रस्ता शहाणपणाचा होता असे म्हणताना पुण्यातली ती जळकी घरे विसरता येत नाहीत.

तरीही १० ऑगस्ट १७६३ पाहा. गोदावरीला पूर, निजामाची निम्मी फौज पैलतीरी, आणि अलीकडे राक्षसभुवनला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अडकलेला. दादांची तुकडी अडचणीत आली तेव्हा धावून गेला तो नऊ महिन्यांपूर्वी हरलेला पुतण्या. विठ्ठल सुंदर पडला, लढाई मराठ्यांची झाली. आळेगावला दोन्ही फौजा एकमेकींना पुरत्या भिडल्या असत्या, तर गोदेकाठी उभे राहायला यातले किती जण उरले असते?

परक्याशी लढताना सेनापती शत्रूचे मेलेले मोजतो. घरच्या लढाईत दोन्हीकडचे जिवंत मोजावे लागतात, कारण उद्याची फौज तीच असते. सतराव्या वर्षी, हरल्या दिवशी, माधवरावांना ही बेरीज जमली.

 

पण एकच डाव दोनदा चालत नाही. सहा वर्षांनी चुलते पुन्हा उठले, तेव्हा माधवराव त्यांच्या गोटात गेले नाहीत. त्यांना धरून शनिवारवाड्यात आणले. त्या धोडपच्या लढाईबद्दल पुढच्या भागात.