किलिमांजारोची चढाई आणि सदक्याचा पैसा

टांझानियातला किलिमांजारो 5895 मीटर उंच, आपल्या कळसूबाईच्या साडेतीन पटींहून अधिक. त्याच्या शिखराचे नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. आपल्या ‘हुर्रियत’च्याच अरबी मुळाचे. ब्रिटनमधले मुस्लिम तरुण अनाथांसाठी देणग्या जमवत तो चढतात. हिंमत दाद देण्याजोगीच!

पण अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या नेरमध्ये मोबाइलवर असे आवाहन आले, तर आम्ही आधी विचारू: विमानाचे तिकीट, वाटाड्याचे पैसे कुणाच्या खिशातून? चढणाऱ्याच्या असतील तर सदका पूर्ण पोहोचतो. जकात मात्र सफरीच्या खर्चात जाऊच नये. तिचे आठ हकदार सूरह तौबामध्ये सांगितलेले आहेत. आणि सामान वाहणारा तिथला हमाल? त्याच्यावर 20 किलोहून जास्त ओझे लादायचे नाही, असा नियम आहे. त्याची मजुरी वेळेवर मिळते का, हेही विचारू.